अकरावा शनिवार

साडेसातीच्या निवारणार्थ मी सोनईच्या कारभारींना एक व्रत सांगितले होते: अकरा शनिवार काळ्या कुत्र्यास तेल लावलेली पोळी घालावी, एक जरी चुकला, तरी आरंभ पुन्हा पहिल्यापासून. दहा शनिवार निर्विघ्न पार पडले. अकराव्याच्या आदल्या दिवशी कारभारी पत्नीसह धापा टाकीत माझ्या ओसरीवर आले.

"गुरुजी, काळं कुत्रं नसबंदीच्या गाडीनं नेलं! आमच्या हिनंच फोन केला."

आक्काबाई उसळल्या, "पंचायतीनं पाटी लावलीय न्हवं, मोकाट कुत्रं दिसलं की कळवा म्हनून? दिसलं, कळवलं!"

"गल्लीत आता येकच पांढरं ऱ्हायलंय, गुरुजी. त्याला घातली तर चालंल का?"

"कारभारी, शनिदेवांस श्यामवर्णच प्रिय. तेथे सवलत नाही."

दुसऱ्या दिवशी प्रातःकाली मी त्यांच्या गल्लीतून जात होतो. एक काळेभोर कुत्रे निवांत पोळी खात होते आणि कारभारी त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. मी व्रत सुफल झाल्याचा आशीर्वाद दिला.


कुत्र्याच्या अंगाचा काळा रंग कारभारींच्या मिशांशी तंतोतंत जुळत होता.