खिडकीतली खूण

मैदानावर खेळ ऐन रंगात आला होता, पण कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

गोफण जाळीला धरून बघत राहिली. तिचा हात चक्रासारखा फिरून बॉल सुटायचा, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं हे नाव आता घरातही चालायचं. मैदानात बॉल उंच उडाला. तीन मुली एकदमच त्याच्याखाली धावल्या. 'माझा, माझा' असं एकही ओरडली नाही. तरी दोघी आपसूक थांबल्या आणि तिसरीने तो अलगद झेलला.

"मुक्या आहेत की काय गं या?" आई कुजबुजली.

"शेजारी वॉर्ड आहे," मागून मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे ओरडायचं नाही. होते सवय."

मॅडम सकाळी नर्सिंग शिकवायच्या आणि संध्याकाळी सॉफ्टबॉल. डोकं पांढरं, पण पाठ काठीसारखी ताठ. दोन्ही गोष्टी एका छपराखाली देणारं कॉलेज गोफणीला दुसरं सापडलं नव्हतं. एकीकडे म्हणाले, नर्स व्हायचंय तर खेळ विसर. दुसरीकडे म्हणाले, खेळायचंय तर सोपा विषय घे. आईचं म्हणणं, दोन डगरींवर पाय ठेवणारा मधल्यामध्ये पडतो. घराजवळचं कॉलेज काय वाईट आहे? खेळ नसेना का! गोफणीला मात्र दोन्ही हवं होतं, हट्टाने हवं होतं. आणि काय ते आजच कळवायचं होतं.

"अगं, बोल की मॅडमशी," आई म्हणाली. "हिचं हे असं बघा. जेवलीस का विचारा, मान डोलावणार. घर पेटलंय का विचारा, तरी मान डोलावणार!"

"बॉल टाकणारी ना, पिचर?" मॅडम हसल्या.

"समोर झेलायला बसलेली कॅचर बोटांनी खूण करते ना आई, कुठला बॉल टाकायचा ती," गोफण वैतागून म्हणाली. हे तिने आईला शंभरदा सांगितलं असेल. "पटली तर मान डोलवायची, नाही पटली तर नकाराची हलवायची. बोलायचं नसतं."

"आणि एकदा डोलावली की?" मॅडमनी विचारलं.

"मग तोच बॉल टाकायचा. बदलायचं नाही."

"शाबास."

तेवढ्यात गोफणीच्या लक्षात आलं, की मैदानातली पिचर कॅचरकडे बघतच नव्हती. ती कॅचरच्या डोक्यावरून वर बघत होती, पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे. बाकीच्याही तिकडेच बघत होत्या. प्रत्येक बॉलच्या आधी सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. खिडकीच्या कठड्यावर एक हात टेकलेला होता.

"तिथे कोण आहे?"

"चल, दाखवते. वॉर्ड बघितल्याशिवाय कॉलेज ठरवू नये."

खोलीला फिनाईलचा वास होता. एकच खाट, खिडकीला लावलेली. खाटेवर एक बाई निजली होती. नखं कापलेली, वेणी घातलेली, अंगावर कुठे चट्टा नाही. कोणीतरी फार जिवापाड सांभाळलेलं होतं. मॅडमनी सवयीने तिची नाडी बघितली, उशी सारखी केली.

"कधीपासून आहेत अशा?" आईने विचारलं.

"मी इथे शिकत होते तेव्हापासून. माझी कॅचर ही."

मॅडमचा एकही केस काळा उरला नव्हता. बाईची वेणी काळीभोर होती. आईने गोफणीचा दंड घट्ट धरला.

"ऐकू येतं यांना?" आईने विचारलं.

"नाही. दिसतही नाही. डॉक्टर म्हणतात, बोटं हलतात ती उगाच, नसा ओढतात म्हणून." मॅडमनी खांदे उडवले. "पण हिने सांगितलेला बॉल चुकत नाही. हिची कूस मी बदलते. दुसऱ्या कोणी बदलली की ताप भरतो. आता माझ्याने होत नाही. म्हणून नवीन पिचर आली की इथे आणते. मैदानावरच्या खुणा सगळ्यांसाठी. पण जिला तिची स्वतःची खूण करेल, तिच्या हवाली ही. तशी अजून कोणाला केलेली नाही."

गोफण एक पाऊल मागे सरकली. नको ते सॉफ्टबॉल. घराजवळचं कॉलेज बरं, आई म्हणते तेच खरं. तिने तिथल्या तिथे ठरवलं आणि आनंदाने रडावंसं वाटलं तिला, इतकं हलकं वाटलं.

"आम्ही निघतो," ती म्हणाली आणि वळली.

मागे चादर सरकल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं.

कठड्यावरचा हात खाली आला होता. मांडीशी टेकला होता, जसा कॅचर लपवून टेकवते तसा. दोन बोटं उघडली. मिटली. मग करंगळी.

हा गोफणीचा हुकमी बॉल. वेगात येऊन शेवटी खाली बुडणारा. त्याची खूण तिने आणि तिच्या कॅचरने शाळेच्या जिन्याखाली बसून ठरवली होती. तिसऱ्या कोणाला ती ठाऊक नव्हती.

विचार करायच्या आत तिची मान डोलावली गेली.

बोटं मिटली.

"नाही," गोफण म्हणाली. तिने मान जोरजोरात हलवली. "नाही, नाही. मला इथे नाही यायचं. मी चुकून..."

"बदलायचं नाही," मॅडम मायेने म्हणाल्या.

"काय झालं? काय बदलायचं नाही?" आई एकदा गोफणीकडे, एकदा मॅडमकडे बघत होती.

मॅडमनी दाराआडून बॅग उचलली. ती भरलेलीच होती. उंबऱ्याशी त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि इतका वेळ ताठ असलेली त्यांची पाठ पार वाकली.

खाली मैदानात सगळ्या मुली जागच्या जागी उभ्या होत्या, वर बघत.

खाटेवरचा हात हळूच उताणा झाला. तळवा उघडला, आणि वाट बघत राहिला.