रंगवलेली बॅटरी

पुढच्या काळातल्या फोनचा तो नुसता नमुना होता. सुताराने भरीव लाकडातून कोरलेला, वर पडदा रंगवलेला. पडद्याच्या कोपऱ्यात त्याने बॅटरीचे चार हिरवे ठिपके काढले होते.

दुपारी त्यातले तीनच ठिपके उरले. सुताराचं डोकं फिरलं.

"माझ्या कामात लुडबुड कोणी केली?"

"कोणी हातसुद्धा लावला नाही, काका," डिझायनर मुलगी म्हणाली.

त्याने चौथा पुन्हा रंगवला आणि नमुना कपाटात कुलपात ठेवला. तासाभराने उघडलं तर एकच ठिपका, तोही लाल.

"थट्टा करतेस माझी?" त्याने संतापून नमुना मुठीत आवळला.

कोपरा मुठीबाहेर दिसत होता. लाल ठिपका हिरवा झाला. मग दोन झाले. मग तीन.

मुलगी मागे सरकली. "काका, खाली ठेवा तो."

सुतारालाही तेच हवं होतं. मूठ उघडेना.