मागचं दार

आई नाकाला पदर लावूनच माझ्या ब्रूअरीत शिरली. "गावचा कारखाना बंद पडला तेव्हा वाटलं, सुटले बाई या वासातून. तर आता तू हेच काढून बसलीस!"

बाबा त्या बिअरच्या कारखान्यात होते. कामावरून आले की आई त्यांना पुढच्या दारानं घेत नसे. मागच्या दारानं न्हाणीत, आंघोळ, मगच घर.

आज मी गावची तीच बिअर करून बघत होते. जमली का, ते सांगायला बाबा नव्हते. आईनं तर उभ्या जन्मात थेंब चाखला नव्हता.

मी उकळत्या बार्लीच्या टाकीचं झाकण उचललं. वाफ थेट आईच्या तोंडावर गेली.

तिचा पदर खाली आला. डोळे मिटून ती हळूच म्हणाली, "अहो, आज पुढच्या दारानंच या."