अकरावं कापड

शिंप्यानं स्वतःच्या हातावरची पट्टी एका झटक्यात ओढली. खालची जखम होती तशीच राहिली. हात उजेडात धरून तो बहिणीला म्हणाला, "ताई, ही जमली बघ."

"सँडपेपरनं हात सोलून घेतोस आणि वर म्हणे जमली. अक्कल गहाण टाकलीस का?"

"धडधाकट कातडीवरून कुठलंही कापड सुटतं. जखम नको?"

मनगटापासून कोपरापर्यंत आधीच्या दहा कापडांच्या खुणा होत्या. बहिणीला त्या बघवेनात.

तिची लेक कापड बेतायच्या टेबलावर पाय सोडून बसली होती. पोरीची कातडी जन्मापासूनच अशी, की नुसती चप्पल घासली तरी फोड येऊन सोलते. तिला न चिकटणारी मऊ पट्टी लागायची आणि ती परदेशातून यायची. देशावर निर्बंध लागले नि ती बंद झाली. औषधपाण्यावर निर्बंध नाहीत, असं ते घालणारेच सांगतात. असेलही. फक्त बँक पैसे पुढे पाठवत नाही आणि पैशांशिवाय कंपनी माल पाठवत नाही. खेद व्यक्त करणारं पत्र मात्र कंपनीनं वेळेवर पाठवलं. मेलं ते पत्र जखमेवर बांधता येत नाही.

मग राहिली साधी पट्टी. ती काढताना सोबत कातडी यायची. पोर असा टाहो फोडायची की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

दारात एक गिऱ्हाईक डोकावलं. "मास्तर, माझी पँट?"

"उद्या."

"कालही उद्याच होती."

"मग सवय झाली असेल," शिंपी म्हणाला आणि त्यानं मान वर केली नाही.

अकरावं कापड म्हणजे फ्रॉकच्या अस्तराचं सॅटिन. सुईत दोरा न ओवता त्यानं त्यावर मशीन चालवलं होतं. ओळीनं बारीक भोकं पडली, जखमेचं पाणी निघून जायला वाट झाली. मग कापड उकळलं, वाळवलं, व्हॅसलीन लावलं. डॉक्टर म्हणाले होते, एका टाचेवरच करून बघा. काल संध्याकाळी एक पट्टी त्यानं स्वतःच्या हाताला आणि तशीच एक भाचीच्या टाचेला बांधली होती. स्वतःची ओढून झाली, आता तिची काढायची होती.

"ठमाबाई, पाय इकडे."

भाचीनं पाय दिला. डोळे गच्च मिटून आईचं बोट धरलं. "मामा, दहापर्यंत मोज. दहाला काढ. आधी नाही."

"एक," मामा म्हणाला. "दोन. तीन." चारला पट्टीची कड उचलली गेली. त्यानं बहिणीकडे पाहिलं. पाच. सहाला पट्टी त्याच्या हातात होती. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली. कातडीचा कणही नव्हता. बहिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण तिनं तोंडातून आवाज काढला नाही.

सात, आठ, नऊ त्यानं कसेबसे म्हटले. मग दहा म्हणाला.

पोरीनं दातओठ आवळले आणि पाय आणखी पुढे केला.

"काढ मामा," ती म्हणाली. "आज मी नाही रडणार."