तांब्याची तार

व्हिडिओ कॉल घेण्याआधी सुहास सरांनी चेहरा हसरा केला आणि टीव्हीशेजारच्या फायबरच्या डबीवर वर्तमानपत्र टाकलं. हिरवा दिवा झाकला गेला.

महाडच्या त्यांच्या घरात फायबर येऊन वर्ष होत आलं होतं. उमरठच्या वरच्या वाडीत राहणाऱ्या आईसाठी मात्र ते घर अजून तांब्याच्या जुन्या तारेवरच होतं. सर विज्ञान शिकवत, त्यामुळे सबबही पक्की होती. तांब्यातला सिग्नल लांब आला की क्षीण होतो, जोडात पाणी शिरलं की चित्र अडकतं. नकार द्यायची वेळ आली की सरांचं चित्र हमखास अडके. तोंडाने ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हे स्वस्त पडे.

पडद्यावर ठमाबाई आली. शेजारच्या तुळसाच्या पडवीत बसली होती, फोन तुळसाच्या हातात.

"दिसतोस रे," ठमाबाईने चांगला डोळा फोनजवळ आणला. दुसऱ्यात मोतीबिंदू होता. "तुळसाच्या पोराने मुंबईसनं येऊन काचेची तार घेतली हाय. हिच्यातून म्हणं उजेड धावतो. तुझ्या मिशीतला पांढरा केस पण दिसतोय मला."

"आमच्याकडे अजून तांबंच आहे, आई. स्पीड नाही."

"वाडीवर काच नि महाडात तांबं! उलटंच हाय तुमचं."

तुळसा फिसकन हसली. सरही हसले.

"बरं, ऐक. डोळ्याचं आपरेशन सोमवारी हाय, तिथंच महाडात. डॉक्टर बोलला, आठ दिवस धुरात जायचं नाय, चूल फुंकायची नाय. तुझ्याकडं राहू ना रे?"

सरांचं हसू होतं तिथेच थांबलं. चहाचा कप ओठांपासून चार बोटं दूर, एक भुवई वर. सराव इतका की पापणीसुद्धा लवत नव्हती. नवा सोफा, शाळेतल्या मंडळींचं येणं-जाणं, आईचं मोठ्याने बोलणं, असा सगळा हिशेब डोक्यात चालू होता. त्यात बायकोचं नाव घालायची सोय होती. पण विनीताला त्यांनी अजून विचारलंच नव्हतं; न जाणो, ती हो म्हणायची.

"अडकला वाटतं," ठमाबाई म्हणाली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. लांबलचक. सरांच्या पाठीमागे, पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडरचं पान फडफडलं आणि परत भिंतीला टेकलं.

मग तुळसाचा दबका आवाज आला, "काकी, ते कॅलेंडर हलतंय गो. नि शिट्टी पण..."

"तांब्याची तार हाय ना ती. तिच्यात असंच होतं. बाकी सगळं येतं, माणूस तेवढा अडकतो."

सरांच्या हातातला कप कलला. चहा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. चांगलाच गरम होता. ते हलले नाहीत.

"मग सोमवारचं काय, काकी?"

"काय म्हणजे? माझी चूल आठ दिवस तू फुंक." ठमाबाईने डोळा पुन्हा फोनजवळ आणला आणि लेकाला नीट पाहून घेतलं. "ठेव गो आता. किती वेळ तसा बसंल? मान अवघडंल पोराची."

पडदा काळा झाला.

"अहो," विनीता आतून म्हणाली, "सोमवारी आईंना आणायला तुम्ही जाताय, की मी रिक्षा पाठवू?"

सुहास सर तसेच बसले होते. कप हवेत, भुवई वर.