गैरवर्तन

पगारवाढीचा करार झाला, असं तोतारामने गेटाजवळच्या बाकावर उभं राहून सांगितलं आणि सूतगिरणीच्या आवारात एकच गलका उठला. पोळा तोंडावर आला होता. कुणीतरी गुलालाची पिशवी फोडली. पाळीवरून सुटलेली, कापसाच्या पिंजेने पांढरी झालेली माणसं बघता बघता लाल झाली. युनियनचा सेक्रेटरी म्हणून पहिला हार तोतारामच्याच गळ्यात पडला. शेजारी मॅनेजर साहेब हसऱ्या चेहऱ्याने उभे होते.

गर्दीतून सुकदेव पुढे आला. तोही तोतारामसारखाच फिटर. दोघं एकाच दिवशी गिरणीत लागलेले. त्याच्या अंगावर गुलाल नव्हता.

"मी काय म्हनस," तो म्हणाला, "ही वाढ आते नको. होळीलोंग थांबूत."

आधी लोकांना थट्टाच वाटली. मग त्याचा चेहरा पाहून आवाज बसत गेला.

सुकदेवच्या मुलीच्या, कुंदाच्या हृदयाची झडप खराब होती. शाळेच्या पायऱ्या चढताना तिचे ओठ निळे पडत. कामगार विम्याच्या कार्डावर मुंबईला तिचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि नंबर लागला होता होळीच्या सुमाराचा. नव्या पगाराने फिटर लोक विम्यासाठीच्या पगाराच्या मर्यादेबाहेर जाणार होते. दिवाळी झाली की त्यांची कार्डं बंद. बाकीचे सगळे मर्यादेच्या आतच राहत होते.

"सुकदेव नाना, मना घर या," मागून अभिमन ओरडला. गिरणीत सगळ्यांत कमी पगार त्याच्या खात्याचा. "मनी चूल दखी जा. मंग सांगा, थांबूत का नही ते."

अभिमनची चूल सुकदेवने पाहिलेली होती.

तोताराम बाकावरून उतरला. "आम्ही लिखेल शे वर. मर्यादा वाढावानी दिल्लीमा चर्चा चालू शे. आज ना उद्या व्हई."

"चर्चा व्हसतवर पोरनं काळीज वाट दखी का?"

तोतारामने चष्मा वर सरकवला.

"इतला वरीस पगारमातून विमाना पैसा कापतस," सुकदेव म्हणाला. "मी कव्हय त्या दवाखानानी पायरी चढनू नही. आते पोरले गरज पडनी, तं म्हनतस पगार वाढना, बाहेर व्हा."

मग तो वळून मॅनेजर साहेबांपुढे गेला. त्याने हात जोडले.

"साहेब, बाकीच्यांना द्या वाढ. मला फिटर नका ठेवू. हेल्पर करा. झाडू द्या हातात."

"असं कसं करता येईल?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "करार सगळ्यांचा आहे. तुमची सर्व्हिस इतकी चांगली. कामगाराला खालच्या जागेवर आणायचं ते शिक्षा म्हणूनच. गैरवर्तन असावं लागतं त्याला."

"गैरवर्तन म्हणजे?"

"दारू पिऊन येणं. चोरी. मारामारी. तुम्ही काय त्यातले आहात का?"

सुकदेव मागे फिरला, तोतारामसमोर गेला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या थोबाडीत मारली.

तोतारामचा चष्मा मातीत पडला. चार जणांनी सुकदेवला मागे ओढलं. "पिसाळना का?" म्हणत अभिमनने त्याची कॉलर धरली. सुकदेव कुणालाच अडवत नव्हता. त्याचे डोळे साहेबांकडे लागले होते.

"साहेब, मी मारामारी केली. लिहून घ्या."

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. सुकदेवला सोडायला लावलं. मग जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज आनंदाचा दिवस आहे. या माणसाला घरची काळजी आहे. त्याच्या हातून चूक झाली. ती मी पाहिलीच नाही, असं समजा. कसलीही कारवाई होणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवमाणूस, कुणीतरी म्हणालं.

"लिहा ना साहेब," सुकदेव म्हणाला. "पाया पडतो. लिहून घ्या." पण तोवर साहेब हार घालायला आलेल्या माणसांत वेढले गेले होते. सुकदेव मटकन खाली बसला. त्याच्या तोंडातून लेकराच्या रडण्यासारखा आवाज निघत होता आणि तो त्याला थांबवता येत नव्हता. हलगी वाजायला लागली. माणसं त्याला वळसा घालून नाचू लागली.

तोतारामने चष्मा उचलला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि अभिमनच्या हातात दिला. गळ्यातला हार काढून बाकावर ठेवला. त्याचा एक गाल सुजत चालला होता. तो सुकदेवजवळ गेला, काखेत हात घालून त्याला उठवलं आणि धरून धरून साहेबांच्या अगदी समोर नेऊन उभं केलं.

"आखो एक मार," तो हळूच म्हणाला. "यावेळी नाकवर. रगत निंघू दे, म्हंजे माफ करता येवाव नही."

सुकदेवचा हात उठेना. तो नुसता मान हलवत राहिला.

"मार ना, भाऊ," तोताराम म्हणाला. "मनं कार्ड आजून चालू शे."