जालन्यातली ओहोटी

रेवती तांडेलने आठवड्यात तिसऱ्यांदा टाकीतलं खारं पाणी बदललं, तरी दुपारी बाराच्या सुमाराला समुद्रफूल पुन्हा मिटलं. फुलासारखा दिसणारा तो समुद्री जीव पाकळ्यांसारखी सगळी बोटं आत ओढून दगडावर गोळा होऊन बसला.

"मरतंय ते," ती वडिलांना, हिरोजींना, म्हणाली. "उद्या प्रयोगशाळेचा तपासनीस येईल आणि आजारी म्हणून घेऊन जाईल. दुसरं मिळायचं नाही."

समुद्र तापला आणि किनारे माणसांना बंद झाले, त्याला तीस वर्षं झाली होती. समुद्रफुलं आता फक्त मोजक्या घरांतल्या टाक्यांत उरली होती. जालन्यातलं हे पहिलंच. प्रयोगशाळेत जन्मलेलं, समुद्राचा थेंबही न पाहिलेलं.

हिरोजींनी तिची वही मागून घेतली. मिटण्याच्या वेळा तिने रोज लिहून ठेवल्या होत्या. वाचता वाचता त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला, होडीवर तिथी मोजताना फिरायचा तसा.

"मिटायची वेळ रोज पाऊण तास पुढे सरकतेय, ओहोटीसारखीच," ते हळूच म्हणाले. "आज अष्टमी, म्हणजे आपल्या जुन्या खाडीत आत्ता ओहोटी असणार. तिकडे पाणी उतरलं की हे इथे मिटतं. पाणी बदलू नकोस, पोरी. तपासनिसाला ही वही दाखव."

"पण याला कोण सांगतं?"

हिरोजींनी दोन पाट पुढे ओढले.

दोघं टाकीपाशी बसून राहिली. तासाभराने एक बोट बाहेर आलं, मग दुसरं.

"भरती लागली," हिरोजी म्हणाले, आणि नकळत त्यांनी लेंग्याचे पाय गुडघ्यापर्यंत वर दुमडले.